पोटातील तोतये



"पोटात गाठ आहे" हे तीन शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाले की घरातला वारा पडतो. रोग्याला कोणी काही सांगत नाही. पण सासुरवाशिणी मुली माहेरी येऊन जातात, धाकटा भाऊ रजा काढून येतो आणि ओटीवर हलक्या आवाजात बोलणी सुरू होतात. गाठ म्हणजे कर्करोग, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, "गाठ आहे खरी, पण कोणती?" हा पुढचा प्रश्न विचारण्याचे भान फार थोड्यांना राहते. आज मी या पुढच्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. तो रोमहर्षक आहे. शहाणी माणसे त्यात चुकली आहेत, आणि त्या चुकांची किंमत टेबलावर निजलेल्या रोग्याने मोजली आहे.

तोतयाचे बंड आपल्याला ठाऊक आहे. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी 'मीच तो भाऊ' असे म्हणणारा एक इसम उभा राहिला. चेहरामोहरा असा जुळलेला की, भल्याभल्यांची मती गुंग झाली. कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि १७७६ साली त्याचा शेवट झाला तेव्हा कुठे प्रकरण मिटले. पोटातही असे तोतये निपजतात. दाहामुळे, म्हणजे सुजेमुळे झालेली गाठ हुबेहूब कर्करोगाचे सोंग घेते. आणि मौज अशी की, ज्या गाठीला वैद्यांनी अनेक वर्षे तोतया म्हणून हिणवले, तिच्यापैकी काही पुढे अस्सल निघाल्या. भाऊंच्या बाबतीत हे घडले नाही. गाठींच्या बाबतीत घडले.

घोटाळ्याचे मूळ शब्दापासूनच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने दाहाची चार लक्षणे सांगितली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. यातील सुजेला लॅटिन शब्द आहे 'ट्यूमर'. ज्या शब्दाने आज आपला थरकाप होतो, त्याचा मूळ अर्थ नुसता फुगवटा एवढाच. आपल्या सुश्रुताने मात्र या बाबतीत अधिक बारकाई दाखवली. त्याच्या ग्रंथात गुल्म, विद्रधी आणि अर्बुद अशी वेगवेगळी नावे आहेत. विद्रधी पिकतो, गुल्म पिकत नाही, अर्बुदही पिकत नाही, आणि असे का, याचीही चर्चा त्याने केली आहे. त्याची कारणमीमांसा आज आपण स्वीकारणार नाही. परंतु सगळ्या गाठी एका जातीच्या नव्हेत आणि वैद्याने आधी जात ओळखावी, हा आग्रह त्यात स्पष्ट आहे. तथापि सेल्सस काय किंवा सुश्रुत काय, दोघांचेही हात पोटाच्या बाहेरच होते. आतली गाठ बोटांनी चाचपायची आणि अनुमान करायचे, यापलीकडे उपाय नव्हता.

पोटाचे दार उघडले ते एकोणिसाव्या शतकात. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टन येथे ईथरची भूल जाहीरपणे देण्यात आली. १८६५ साली ग्लासगोत लिस्टरने कार्बॉलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्याचा प्रयोग आरंभला. या दोन शोधांनंतर शस्त्रवैद्य पोट उघडू लागले. आतापर्यंत जे केवळ चाचपायचे ते आता डोळ्यांनी दिसू लागले. साहजिकच सर्वांना वाटले, की आता शंकेला जागा उरली नाही. प्रत्यक्षात शंका वाढली! कारण डोळ्यांना दिसणारी गाठ दगडासारखी कठीण, शेजारच्या अवयवांना चिकटलेली, आतडे आवळून टाकणारी, जवळच्या रसग्रंथी सुजलेल्या. कर्करोगाचे वर्णन पुस्तकात जसे, तसेच्या तसे.

सूज इतकी कठीण कशी होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. पोटात वपा नावाचा चरबीचा एक पडदा आतड्यांवर झुलत असतो. रदरफर्ड मॉरिसन या इंग्रज शस्त्रवैद्याने त्याला पोटातला पोलीस म्हटले, आणि ते नाव चांगलेच रूढ झाले. कुठे भोक पडो, पू होवो, जंतूंचा शिरकाव होवो, हा पोलीस तिथे जाऊन चिकटतो व जागा वेढून टाकतो. मागोमाग रक्तातील पांढऱ्या पेशींची फौज येते. लढाई चार दिवसांत संपली तर सूज ओसरते. परंतु ती महिनोन्‌महिने चालली तर शरीर तंतूंचा कोट बांधू लागते; थरावर थर चढतो आणि घट्ट गोळा तयार होतो. हा गोळा म्हणजे बरे होण्याचीच धडपड, पण मर्यादा सुटलेली. धडपड कोणती आणि घात कोणता, हे हाताला कळत नाही.

पॅरिसमध्ये १८९१ साली हार्टमान आणि पिलिए या दोघांनी हे पहिल्याने ठळकपणे दाखवले. लहान आतडे मोठ्या आतड्याला उजव्या कुशीत खाली जिथे मिळते, तिथे क्षयरोगामुळे अशी गाठ होते की ती कर्करोगच वाटावी, असे त्यांनी नोंदवले. क्षयाचे जंतू कॉखने १८८२ साली शोधून काढले होते, त्यामुळे हा तोतया सूक्ष्मदर्शकाखाली पकडता आला. इंग्लंडात लीड्सचा विख्यात शस्त्रवैद्य मॉयनिहन याने १९०७ साली मोठ्या आतड्यातील अशा बतावणीवर एक निबंधच लिहिला. कर्करोग समजून ज्यांच्यावर शस्त्र चालवले, त्यांच्या गाठीत कर्करोगाची एकही पेशी सापडू नये, हा अनुभव त्याने प्रांजळपणे मांडला. पुढच्याच वर्षी मेयो रॉब्सन या ज्येष्ठ शस्त्रवैद्याने त्याच विषयावर भाषण केले. आपली चूक चारचौघांत सांगणारे हे लोक मला त्यांच्या कौशल्यापेक्षाही या प्रांजळपणासाठी मोठे वाटतात. त्या काळी पोट उघडायचे, गाठ पाहून मान हलवायची आणि पोट पुन्हा शिवून टाकायचे, असे सर्रास होई. अशा 'असाध्य' रोग्यांपैकी एखादा काही वर्षांनी धडधाकट समोर उभा राहिला की, लोक त्याला चमत्कार म्हणत. चमत्कार कसला? निदान चुकले होते.

मग रोगी टेबलावर असतानाच खरे काय ते कळावे, यासाठी काही करता येईल का? अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात रॉचेस्टर नावाचे गाव आहे. तिथे मेयो बंधूंचा दवाखाना होता. त्यांपैकी विल्यम मेयोने लुई विल्सन या आपल्या विकृतिशास्त्रज्ञाकडे नेमकी हीच मागणी केली. तोवर गाठीचा तुकडा कठीण करून, कापून, रंगवून पाहण्यात कित्येक दिवस जात. विल्सनने तुकडा गोठवला, त्याचा पातळ काप घेतला, मेथिलीन ब्ल्यू रंगात बुडवला आणि काही मिनिटांत उत्तर दिले. १९०५ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. पहिले प्रयोग करताना तुकडे गोठवण्यासाठी रॉचेस्टरच्या हिवाळ्यातील खिडकीबाहेरची थंडीच त्याच्या कामी आली, असे सांगतात. आजही मोठ्या इस्पितळांत शस्त्रक्रिया थांबवून शस्त्रवैद्य ज्या निरोपाची वाट पाहतो, तो याच पद्धतीचा. मात्र तिच्यातही एक खोच आहे. खऱ्या कर्करोगाच्या भोवतीसुद्धा शरीर सुजेचे कडे उभारते. तुकडा त्या कड्यातून घेतला गेला तर उत्तर येते 'नुसती सूज', आणि आतला शत्रू सुरक्षित राहतो. म्हणजे तोतया ओळखणारा पंचही फसू शकतो.

यानंतरची कथा ग्लासगोची. तिथल्या वेस्टर्न इन्फर्मरीतील शस्त्रवैद्य केनेडी डॅल्झिएल याने १९१३ साली एक विलक्षण आजार वर्णिला. आतड्याचा एखादा भाग ताठ व जाड होतो; मरून ताठलेल्या ईल माशाची उपमा त्याने त्याला दिली. क्षयासारखे सारे, पण क्षयाचे जंतू नाहीत. गुरांना होणाऱ्या आतड्याच्या एका रोगाशी याचे साम्य आहे, हेही त्याने हेरले होते. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि जगाचे त्याच्या लेखाकडे लक्ष गेले नाही.

एकोणीस वर्षांनी तोच आजार न्यूयॉर्कमध्ये पुन्हा 'सापडला'. माउंट सायनाय इस्पितळात लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ऑपेनहायमर हे दोघे आतड्याच्या अशा सुजट गाठींचा अभ्यास करीत होते. गाठी कापून काढलेल्या होत्या ए. ए. बर्ग या शस्त्रवैद्याने. बरिल क्रोन या वैद्याकडेही असे रोगी होते. सर्वांचे मिळून चौदा रोगी जमले. लहान आतड्याचे शेवटचे टोक सुजलेले, जाड, अरुंद. उजव्या कुशीत गोळा, जुलाब, ताप, रोडावलेले शरीर. क्षयाचा कसून शोध घेतला, पण तो मिळाला नाही. १९३२ च्या मे महिन्यात न्यू ऑर्लिन्स येथे क्रोनने हे वृत्त अमेरिकेच्या वैद्यक संघटनेपुढे वाचले. शेवटच्या टोकाचा म्हणून त्यांनी आजाराला 'टर्मिनल' असे विशेषण लावले होते. तेव्हा बार्गेन नावाच्या एका वैद्याने सुचवले, की हा शब्द ऐकून लोकांना वाटेल रोगी आता दगावणारच! म्हणून तो बदलून 'रीजनल', म्हणजे ठरावीक भागापुरता, असा केला. एका शब्दाने रोग्याच्या काळजाचे किती पाणी होते, हे ओळखणारा तो माणूस खरा वैद्य म्हटला पाहिजे.

रोगाला पुढे क्रोनचे नाव पडले, ते वर्णानुक्रमाने त्याचे नाव पहिले आले म्हणून. बर्गने आपले नाव घालू दिले नाही. आपण लेख लिहिला नाही, मग नाव कशाला, असे त्याचे म्हणणे. त्याने होकार दिला असता तर आज जग त्याला बर्गचा रोग म्हणाले असते. न्यायाने पाहिले तर डॅल्झिएलचा म्हणायला हवे होते. असो.

हा रोग साऱ्या जगाच्या तोंडी झाला तो १९५६ साली. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना जून महिन्यात एका रात्री पोटात भयंकर कळा सुरू झाल्या. आदल्या सप्टेंबरात त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, वय ६५, आणि नोव्हेंबरात निवडणूक. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड इस्पितळात क्ष-किरणांनी आतडे तुंबल्याचे दाखवले. अनेक तज्ज्ञ गोळा झाले. शस्त्र धरावे तर हृदय थांबेल की काय ही भीती, न धरावे तर आतडे फुटेल. ९ जूनच्या पहाटे जनरल हीटन यांनी पोट उघडले. आत क्रोनचा रोग होता. हीटन यांनी रोगट भाग कापून काढला नाही. त्याला वळसा घालून चांगले आतडे पुढे मोठ्या आतड्याला जोडून दिले. टीका झाली, कारण त्या काळच्या अनेकांचे मत 'मुळापासून काढा' असे होते. पण तो माणूस निवडणूक जिंकला आणि १९६९ पर्यंत जगला. गाठ सुजेची आहे अशी खात्री असली म्हणजे कमी कापूनही भागते, हा या प्रसंगातील मुद्दा. खात्री नसती, तर त्या पहाटे हीटन यांच्यापुढचा प्रश्न वेगळाच झाला असता.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी बिकट. पाश्चात्य देशांत क्षय मागे हटला, इथे तो मुक्कामालाच आहे. त्यामुळे उजव्या कुशीतील गाठीचे तीन दावेदार: क्षय, क्रोन आणि कर्करोग. तिघांचे चेहरे सारखे, उपचार मात्र परस्परविरोधी! १९४८ साली मेयो क्लिनिकमध्येच हेंच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संधिवातावर कॉर्टिसोन प्रथम वापरले. त्याच वर्गातील औषधे पुढे क्रोनच्या सुजेवर गुणकारी ठरली. पण तीच क्षयाच्या रोग्याला क्षयाच्या औषधांवाचून दिली, तर शरीराचा बंदोबस्त ढिला पडून क्षय मोकाट सुटतो. उलट क्रोनच्या रोग्याला महिनोन्‌महिने क्षयाची औषधे देत बसावे, तर आतडे तेवढ्या काळात आवळत जाते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील टंडन आणि प्रकाश यांनी १९७२ साली कापून काढलेल्या आतड्यांची तपासणी करून या दोन रोगांमधले फरक मांडले. तो निबंध परदेशातही आधाराला घेतला जातो. तरीसुद्धा भारतातल्या वैद्यांना आजही पुष्कळदा आधी क्षयाची औषधे देऊन गुण येतो का, ते पाहावे लागते. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले आणि १९५२ साली आयसोनायझिड आले. तेव्हापासून क्षयाच्या अशा गाठी गोळ्या-इंजेक्शनांनी विरघळू लागल्या, हे मात्र फार मोठे सुख. पूर्वी त्यांना सुरीवाचून गती नव्हती.

आता आपण सर्वांत दुर्मिळ गाठीकडे येऊ. तिची गोष्ट छातीतून सुरू होते. १९३९ साली ब्रन याने फुप्फुसातील दोन विचित्र गाठी वर्णिल्या. १९५४ मध्ये उमिकर आणि आयव्हरसन यांनी अशा गाठींना 'दाहोत्तर' म्हणजे सूज होऊन गेल्यानंतरच्या गाठी म्हटले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर सुजेच्या पेशींची जत्रा भरलेली, त्यांत अधूनमधून लांबट तंतुपेशी. तेव्हा ही कसली गाठ, ही तर साठलेली सूज, असे सर्वांनी धरून चालले आणि 'खोटी गाठ' हे नाव तिला चिकटले. लवकरच पोटातही ती दिसू लागली: यकृतात, वपेत, आतडी ज्या पडद्याने पाठीच्या कण्याशी बांधलेली असतात त्या पडद्यात. रोगी बहुधा लहान मुले व तरुण. मुलाला महिनोन्‌महिने ताप, अंगावर मांस धरत नाही, रक्त कमी झालेले. क्षय पाहावा, टायफॉइड पाहावा, काहीच नाही. शेवटी पोटात गोळा सापडतो. तो पुरता काढला की ताप आपोआप जातो, पोरगे खाऊ लागते, भरू लागते. हा ताप जंतूंचा नसतो. गाठच रक्तात अशी द्रव्ये सोडते की, साऱ्या शरीराला आपल्यावर हल्ला झाल्याचा भास व्हावा. ताप पुन्हा आला, तर गाठ पुन्हा उगवली काय, ही शंका आधी घ्यावी लागते.

'खोटी' म्हटलेली गाठ पुन्हा उगवावी, हेच मुळी विचित्र होते. खोट्या गाठीला मुळे कुठून? १९९१ साली मायस आणि एन्झिंगर यांनी वॉशिंग्टनच्या सैनिकी विकृतिशास्त्र संस्थेतील ३८ गाठी तपासल्या. ही संस्था त्याच वॉल्टर रीडच्या आवारात होती, आणि तिच्या इमारतीचे उद्घाटन १९५५ साली आयसेनहॉवर यांच्याच हस्ते झाले होते. या दोघांनी सांगितले, की पोटाच्या पडद्यातील या गाठी खोट्या नव्हेत. सुजेचे पांघरूण घेतलेला हा खरा कर्करोगाचा प्रकार आहे. वाद माजला. १९९५ साली चेरिल कॉफिन आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाबाहेरच्या ८४ गाठींचा अभ्यास मांडला, तेव्हा मधला मार्ग दिसला. गाठ बहुधा जागच्या जागी राहते, काहींत पुन्हा उगवते, आणि क्वचित दूर पसरते.

निकाल लागला तो गुणसूत्रांत. १९९४ साली मेम्फिस येथे एका रक्तपेशींच्या कर्करोगात 'आल्क' या जनुकाचा शोध लागला होता. १९९९ मध्ये ग्रिफिन आणि तिच्या सहकाऱ्यांना या पोटातल्या गाठींत तेच जनुक जागचे हललेले आढळले. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर त्याचे घर. तिथून तुटून ते दुसऱ्याच जनुकाला जाऊन चिकटते, आणि एरवी बंद असणारी वाढीची चावी उघडी राहून जाते. सुमारे निम्म्या गाठींत हा बिघाड सापडतो. सूज असा बिघाड करीत नाही. म्हणजे जत्रेत हरवलेल्या त्या लांबट तंतुपेशीच खऱ्या यजमान होत्या, आणि सुजेच्या पेशी त्यांनी बोलावलेले पाहुणे! इतकी वर्षे आपण पाहुणे मोजत बसलो होतो.

जनुक सापडले म्हणून रोगी बरा होत नाही, असे कुणी म्हणेल. इथे मात्र झाले. क्रिझोटिनिब नावाची गोळी मूळ दुसऱ्याच एका लक्ष्यासाठी तयार केलेली. ती आल्कची चावीही बंद करते असे दिसले. २०१० साली दोन रोग्यांचे वृत्त प्रसिद्ध झाले. एकाच्या गाठीत आल्कचा बिघाड होता, त्याची गाठ आक्रसली व तशी राहिली. दुसऱ्याच्या गाठीत तो नव्हता, तिला औषधाने काहीच झाले नाही. इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो. जी गाठ काढता येत नाही किंवा पुन्हा उगवली आहे, अशा आल्क असलेल्या गाठीसाठी २०२२ च्या जुलैत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीला मान्यता दिली. आधार होता १४ मुलांचा, त्यांपैकी १२ जणांना गुण आला. आणि सात प्रौढांचा, त्यांपैकी पाच जणांना. संख्या पाहून हसू नका. क्रोनचे रोगीही चौदाच होते. दुर्मिळ रोगात चौदा माणसे गोळा करणे हेच काम असते.

या अवधीत जपानमध्ये उलट्या बाजूचा तोतया पकडला गेला. स्वादुपिंडाचा कर्करोग म्हणून ज्यांच्यावर अतिशय मोठी शस्त्रक्रिया होई, त्यांपैकी काहींच्या गाठीत कर्करोग नसे. २००१ साली हामानो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अशा रोग्यांच्या रक्तात आय-जी-जी-४ नावाचे प्रतिपिंड फार वाढलेले असते. २००३ मध्ये कामिसावा यांनी हा एकट्या स्वादुपिंडाचा नव्हे तर साऱ्या शरीराचा रोग असल्याचे सांगितले. ही खरी सूज. ती प्रेडनिसोलोनने काही आठवड्यांत ओसरू लागते. म्हणजे एकाच 'खोट्या गाठी'च्या नावाखाली एक कर्करोगाची बहीण आणि एक निव्वळ सूज नांदत होती; एकीला सुरी किंवा आल्कची गोळी हवी, दुसरीला सुरी लावणे हा अन्याय.

आज अशी गाठ निघाली तर सी. टी. स्कॅनने तिची जागा व आकार कळतो, जात कळत नाही. ती कळण्यासाठी जाड सुईने तुकडा काढतात, आणि शंका आली म्हणजे विकृतिशास्त्रज्ञ त्यावर आल्कचा रंग देतो, आय-जी-जी-४ च्या पेशी मोजतो, क्षयाचे जंतू शोधतो. आपल्याकडे क्षय शोधल्यावाचून कॉर्टिसोनच्या जातीचे औषध कुणी सुरू करू नये. २०११ साली पोटातच होणारा आल्क-गाठीचा एक फार आक्रमक प्रकारही वर्णिला गेला, म्हणून तिला गरीब समजून सोडून देण्याची सोय उरलेली नाही. आल्क नसलेल्या काही गाठींत २०१४ पासून दुसरी जनुके हललेली सापडू लागली आहेत. काहींत अजून काहीच सापडत नाही. त्या पुरत्या काढून टाकायच्या, आणि मुलाला पुन्हा ताप आला तर आईने तो साधा समजू नये, असे तिला बजावून घरी पाठवायचे.